बेताचा आवाज

२००६ च्या पावसाळ्यात सोलापुरात आमच्या गल्लीत घरटी एक तरी माणूस चिकुनगुन्यानं आडवा झाला होता. आमच्या घरात माझा नंबर लागला. ताप चार-पाच दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. सकाळी बोटं वळायची नाहीत. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून तोंडाशी न्यायचा, केस बांधायला आईला बोलवायचं, जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पहिले पंधरा दिवस मैत्रिणी आल्या, मग त्यांच्या परीक्षा आल्या, मग नुसते फोन, आणि दिवाळीनंतर तेही थांबले. दोष त्यांचा नव्हता. आजारी माणसाकडे सांगण्यासारखं नवीन काही नसतं. कालच्यासारखंच आज, एवढंच.

त्याच सुमारास माझा आतेभाऊ इंग्लंडहून सुट्टीला आला होता. जाताना त्यानं एक सीडी ठेवली. वर मार्करनं माझं नाव, आत दोन आख्खे अल्बम. गाण्यांना नावं नव्हती, नुसते ट्रॅक नंबर. एका दुपारी मी ती कॉम्प्युटरवर लावली, तर पहिलं गाणं सुरू झालंय की नाही हेच कळेना. स्पीकर पूर्ण वाढवला, पंखा बंद केला, तेव्हा कुठे एक मुलगा गाताना ऐकू आला. गिटार अशी, की शेजारच्या खोलीत कुणाचा तरी डोळा लागलाय आणि त्याला जाग येऊ द्यायची नाहीये. आई ओल्या हातांनी तशीच दाराशी आली, थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "बरं नाही का गं त्याला?"

आईचा कान रेडिओवरच्या भावगीतांनी तयार झालेला. गाणारा छाती भरून श्वास घेतोय की नाही, हे तिला शब्दांच्या आधी ऐकू येतं.

बँडचं नाव बेल अँड सेबॅस्टियन, गाव स्कॉटलंडमधलं ग्लासगो, आणि सीडीवरचे दोन अल्बम म्हणजे 'टायगरमिल्क' आणि 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर', दोन्ही १९९६ सालचे. ही माहिती मला हळूहळू मिळत गेली. आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन वर्षांनी एका लेखात सापडलं. खरंच त्याला बरं नव्हतं.

गाणारा आणि बहुतेक सगळी गाणी लिहिणारा तो मुलगा म्हणजे स्टुअर्ट मर्डॉक. विद्यापीठात शिकत असताना, ऐन विशीच्या सुरुवातीला त्याला एम.ई. झाला, म्हणजे ज्याला आपल्याकडचे डॉक्टर क्रॉनिक फटीग म्हणतात तो आजार. जवळजवळ सात वर्षं त्यात गेली. शिक्षण सुटलं, काम सुटलं, मित्र पांगले. हा थकवा झोपेनं जाणारा नव्हे. दहा मिनिटं चाललं की पुढचे दोन दिवस अंथरुणात. या सात वर्षांत त्याला दुसरं काही करता येईना, तेव्हा तो गाणी लिहायला लागला. त्याआधी तो गाणी लिहीत नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. आधी गायक होता आणि मग आजारी पडला, असं झालेलं नाही. आजारातच तो गाणं शिकला, त्यामुळे जेवढं त्राण अंगात होतं तेवढ्याच मापाचं गाणं त्यानं बेतलं.

आता त्या वर्षीचं ब्रिटन डोळ्यांपुढे आणा. ब्रिटपॉपचा, म्हणजे गिटारी वाजवणाऱ्या ब्रिटिश बँडांच्या लाटेचा, ऐन भर होता. १९९६ च्या ऑगस्टमध्ये त्या लाटेतल्या ओएसिस या बँडनं नेबवर्थच्या मैदानात दोन रात्री कार्यक्रम केला, तेव्हा दोन्ही मिळून अडीच लाख लोक आले होते. गिटारी एवढ्या मोठ्या की अंगावर याव्यात. आणि त्याच उन्हाळ्यात, जूनमध्ये, ग्लासगोत 'टायगरमिल्क' निघाला. प्रती १०००, फक्त एलपी तबकड्या. स्टो कॉलेज नावाच्या एका कॉलेजात संगीत-व्यवसायाचा अभ्यासक्रम होता. तिथले विद्यार्थी इलेक्ट्रिक हनी या आपल्या लेबलवर दरवर्षी एखाद्या बँडचं एखादं गाणं काढत. मर्डॉककडे गाणी इतकी साठलेली होती की त्या वर्षी एका गाण्याऐवजी पूर्ण अल्बमच झाला. आठवडाभराच्या आत रेकॉर्डिंग उरकलं. बँडही ताजा ताजा जमवलेला. बेकार संगीतकारांसाठी सरकारनं चालवलेल्या एका वर्गात स्टुअर्ट डेव्हिड भेटला, तो बेस वाजवणारा. इसोबेल कॅम्बल चेलो घेऊन आली, स्टीव्ही जॅक्सन गिटार घेऊन. एकमेकांची नीट ओळखही झालेली नव्हती आणि ते स्टुडिओत उभे होते.

ते ऐकू येतं. 'टायगरमिल्क'मधलं पहिलंच गाणं, 'द स्टेट आय ॲम इन', एकट्या गिटारवर आणि एकट्या आवाजावर सुरू होतं. बाकीचे लगेच येत नाहीत. पाहुण्याच्या घरी चपला काढून दारातच रेंगाळावं तसे ते एकेक करून आत येतात. गोष्ट मात्र पहिल्या ओळीपासून पुढे पळत असते. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी भाऊ घरच्यांना सांगतो की मी समलिंगी आहे. गाणारा स्वतः एका मुलीला हद्दपारीतून वाचवायला लग्न करून बसतो. मग तो चर्चमध्ये कबुलीजबाब द्यायला जातो, तर ते ऐकणारा पाद्री त्यावर एक पॉकेटबुक कादंबरी लिहून मोकळा होतो. एवढं सगळं पाच मिनिटांत, आणि आवाज एकदाही चढत नाही.

त्या कादंबरीचं नाव तेच, जे गाण्याचं. आणि अल्बमच्या शेवटच्या 'मेरी जो' या गाण्यात एक एकटी बाई घरी बसून पुस्तक वाचत असते, ते पुस्तकही तेच. पहिल्या गाण्यात एकाच्या आयुष्याचं चोरून केलेलं पुस्तक शेवटच्या गाण्यात दुसऱ्या एकटीच्या हातात पडलेलं असतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तो अल्बम चाळीसेक वेळा ऐकला होता. मधल्या आठ गाण्यांपैकी 'एक्स्पेक्टेशन्स'वर माझा विशेष जीव. शाळेत सगळ्यांच्या टिंगलीचा विषय झालेली एक मुलगी कलेच्या तासाला आपल्या आवडत्या जुन्या बँडचे मातीचे पुतळे करत बसते, तेही माणसाएवढे. शेवटाकडे ट्रम्पेट येतं ते तिच्या बाजूनं उभं राहिल्यासारखं. 'इलेक्ट्रॉनिक रेनेसाँ' मात्र मी आजही ओलांडून जाते. सिंथेसायझरच्या त्या गढूळ आवाजात मर्डॉक सापडतच नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, म्हणजे पाच महिन्यांत, जीपस्टर या छोट्या लेबलवर 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर' आला. लाल रंगात बुडवलेलं मुखपृष्ठ, आत दहा गाणी. माझ्या लेखी बँडचं सगळ्यात चांगलं काम हेच. मी त्याबद्दल भांडायला तयार आहे आणि भांडलेलीही आहे. सीडीवर मला आधी हाच लागला होता. आईनं दाराशी उभं राहून ऐकलेलं गाणं म्हणजे यातलं पहिलं, 'द स्टार्स ऑफ ट्रॅक अँड फील्ड'. शाळेच्या मैदानावर धावणाऱ्या, पदकं मिळवणाऱ्या देखण्या मुलामुलींकडे बाजूला बसून बघणाऱ्याचं गाणं आहे ते. हेवा आहे, ओढही आहे. कुजबुजीतून सुरू होतं आणि कधी भरून येतं ते कळत नाही. ट्रम्पेट वाजतं तेव्हा एखादी शर्यत संपल्यासारखं वाटतं, जी गाणारा धावलेलाच नाही.

त्या वेळी मी अंथरुणावर पालथी पडून, खिडकीतून समोरच्या शाळेच्या मैदानावर खो-खो खेळणाऱ्या मुली बघायची. आणखी काही सांगायला नको.

या अल्बमवर इंग्रजी समीक्षकांनी तेव्हापासून एक शिक्का मारला आहे: गोडगोड, शाळकरी, लाजाळू पोरांचं संगीत. मला हा शिक्का मान्य नाही. शीर्षकगीत ऐका. मागे खेळणाऱ्या मुलांचा गलका, शाळा सुटल्यावर येतो तसा, आणि पुढे गोष्ट काय, तर एक मुलगा जीव देतो आणि एक मुलगी उत्तरं शोधत चर्चची पायरी चढते. तिथे तिला उत्तर मिळत नाही. मर्डॉक स्वतः श्रद्धाळू माणूस. ग्लासगोतल्या हाइंडलँड भागातल्या चर्चच्या हॉलवरच्या खोलीत तो अनेक वर्षं राहिला, तिथली देखभाल बघायचा, चर्चच्या गायकवृंदात गायचा. असा माणूस आपल्याच चर्चबद्दल असं गाणं लिहितो, आणि त्यात चीड नाही, टवाळी नाही, फक्त त्या मुलीची काळजी आहे. हे शाळकरी असेल तर प्रौढ कशाला म्हणायचं? 'गेट मी अवे फ्रॉम हिअर, आय ॲम डाइंग' हे नाव वाचून रडगाणं वाटतं. प्रत्यक्षात ते जवळजवळ उड्या मारत जातं. 'मी अँड द मेजर'मध्ये तर आगगाडीच्या डब्यात शेजारी बसलेल्या लष्करातल्या मेजरशी पिढीचं भांडण आहे, आणि हार्मोनिकासकट सगळा बँड असा धावत सुटतो की ठेका हातचा निसटतो की काय अशी धाकधूक वाटते.

अंगात त्राण नसलेला माणूस ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी असाच धावतो. मला ते अनुभवानं माहीत आहे. जानेवारीत एका सकाळी मला पहिल्यांदा मूठ वळता आली, तेव्हा मी घरातले सगळे नळ उघडून बंद केले होते.

खुद्द मर्डॉकला मात्र हा अल्बम जसा ध्वनिमुद्रित झाला तो पसंत नव्हता. गाणी चांगली आहेत, पण वाजवलेली आणि मुद्रित झालेली तितकी चांगली नाहीत, असं त्याचं मत होतं. म्हणून २००५ च्या सप्टेंबरमध्ये बँडनं लंडनच्या बार्बिकन सभागृहात पहिल्यापासून शेवटपर्यंत तो पुन्हा वाजवला. आठवड्यांतच काश्मीरचा भूकंप झाला आणि त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण विकून आलेले पैसे भूकंपग्रस्तांच्या मदतनिधीला गेले. बँडबद्दल मला असलेलं प्रेम त्या एका गोष्टीनं वाढलं. ध्वनिमुद्रणही सुरेख आहे. ढोल भक्कम, व्हायोलिन स्पष्ट, ट्रम्पेट चुकत नाही. नऊ वर्षांत ही माणसं वाजवायला शिकली आहेत, हे पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

आणि तरीही मी मूळचाच ऐकते. इतर चाहत्यांशी माझं भांडण होतं ते इथेच. ते म्हणतात, ज्यानं लिहिलं त्यालाच दुसरं आवडतं, मग तू कोण? माझं म्हणणं असं, की ती गाणी बेताच्या श्वासावर लिहिलेली आहेत. कुठे थांबायचं, कुठे शब्द आखडता घ्यायचा, कुठे वाद्यांवर सोपवून आपण गप्प राहायचं, हे सगळं त्या श्वासानं ठरवलेलं आहे. २००५ चा मर्डॉक निरोगी फुफ्फुसांनी तेच गातो, तेव्हा त्या थांबण्याच्या जागा नुसत्या जागा उरतात. १९९६ चा मर्डॉक थांबतो, कारण त्याला थांबावं लागतं. 'द फॉक्स इन द स्नो' शेजारी शेजारी लावून बघा. पियानो, आवाज, आणि बर्फात खाणं शोधत फिरणारा एक कोल्हा. जुन्या मुद्रणात आवाज वरच्या स्वरावर किंचित कापतो. नव्यात तो तिथे नेमका लागतो. मला कापणारा हवा. उसनं अवसान आणून गायलेलं गाणं जगात भरपूर आहे. आपल्याजवळ आहे तेवढंच घेऊन गायलेलं फार थोडं.

२०१० मध्ये मी एका वर्षाच्या एम.एस्सी.साठी ग्लासगोला गेले. गाण्यासाठी गेले असं म्हणणार नाही, पण अर्ज भरताना तीन गावांपैकी हे नाव वरती लिहिलं होतं. त्या हिवाळ्यात स्कॉटलंडमध्ये नोव्हेंबरअखेरीपासूनच प्रचंड बर्फ पडलं. माझी खोली बायर्स रोडपासून चालत दहा मिनिटांवर, लाल दगडांच्या जुन्या इमारतींच्या रांगेत. एका पहाटे कचऱ्याची पिशवी टाकायला मागच्या अंगणात उतरले, तर ताज्या बर्फात पावलांची एकच ओळ. कुत्र्याची पावलं दोन्ही बाजूंना पसरलेली असतात. ही एकापुढे एक, दोरी आखून टाकल्यासारखी, भिंतीपासून थेट कचऱ्याच्या डब्यांपर्यंत आणि तिथून परत भिंतीकडे. डब्याजवळ बर्फ थोडं उकरलेलं होतं. कोल्हा दिसला नाही. मी पिशवी हातात धरून थंडीत किती वेळ उभी होते कोण जाणे, आणि बोटांचे सांधे दुखायला लागले तेव्हा वर आले. थंडीत ते अजूनही दुखतात.

त्या वर्षात मला उमगलेला अल्बम मात्र तिसरा, १९९८ चा 'द बॉय विथ द अरब स्ट्रॅप'. सोलापुरात असताना मी त्याच्यावर नाराज होते. त्यात मर्डॉक एकटा गात नाही. स्टीव्ही जॅक्सनची दोन गाणी, इसोबेलचं एक, आणि स्टुअर्ट डेव्हिडनं नुसतं स्वप्न सांगितल्यासारखं बोललेलं एक. मला तेव्हा फक्त मर्डॉक हवा होता. आता वाटतं, इतकी वर्षं एकट्यानं पडून राहिलेल्या माणसाला चार जण मिळाले, तर तो माइक पुढे सरकवणारच. इसोबेलचं 'इज इट विकेड नॉट टू केअर' मी आता वगळून पुढे जात नाही. जॅक्सनच्या 'सेमूर स्टाइन'बद्दल तेवढं म्हणवत नाही. अल्बम म्हणून तो 'सिनिस्टर'च्या पाठीमागेच राहतो, पण त्याचं शीर्षकगीत हे बँडचं सगळ्यात आनंदी गाणं आहे. टाळ्यांचा ठेका असा की स्वयंपाकघरात एकटी असले तरी हात आपोआप जुळतात.

त्याच गाण्यात एक ओळ आहे, जी मी आधी शंभरदा ऐकूनही ऐकली नव्हती. जो तो आपापलं ओझं गप्प राहून वाहतो असं सांगता सांगता मर्डॉक लंडनमधल्या एका मिनीकॅबवाल्याकडे वळतो. तो आशियाई आहे, म्हणजे तिथल्या बोलीत आपल्या उपखंडातला, आणि वर्णद्वेषी गिऱ्हाइकांशी त्याचं प्रेमही आहे आणि वैरही. बस, तेवढंच, लगेच गाणं पुढे. फेब्रुवारीत एका शनिवारी रात्री लायब्ररीतून घरी येताना मी कॅब बोलावली. चालक फैसलाबादचा, पन्नाशीचा. मी हिंदीत बोलले तशी त्यानं काच खाली करून आधी गाडीत हवा खेळवली. आधीची तिघं पोरं पिऊन तर्र होती, म्हणाला, रस्ताभर माझ्या दाढीवरून बोलत होती, आणि उतरताना एकानं गळ्यात पडून दहा पौंडांची टीप दिली. "अब बताओ बेटी, इनसे नफ़रत करूँ कि दुआ दूँ?" मी काहीच बोलू शकले नाही. घरी आले, कोट तसाच अंगावर ठेवून ते गाणं लावलं आणि ती ओळ आल्यावर थांबवलं. मर्डॉकला हे कसं दिसलं असेल? मला वाटतं, सात वर्षं घराबाहेरचं जग दुरून बघणाऱ्याला बसमधला, कॅबमधला, दुकानातला माणूस नीट बघायची सवय लागते.

या तीन अल्बमांच्या मधल्या १९९७ मध्ये तीन ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकड्या, आल्या, त्यातल्या 'लेझी लाइन पेंटर जेन'बद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. यात मॉनिका क्वीन नावाची दुसऱ्या बँडची गायिका आहे. मर्डॉक नेहमीसारखा सुरू करतो, हातचं राखून. मग ती येते आणि खोलीचं छप्पर उडतं. एवढा भरदार, मोकळा आवाज, की याचा आवाज आता त्यात बुडणार असं वाटतं. बुडत नाही. तो आपल्या मापातच गात राहतो, ती तिच्या, आणि दोघं मिळून शेवटाकडे जातात. मग शब्द संपतात आणि ऑर्गन, गिटार, ढोल मिळून दीड-दोन मिनिटं नुसते उधळतात. दणकट आवाजाची ज्याला भूक आहे त्यानं बँड इथून ऐकायला सुरुवात करावी.

पुढचं थोडक्यात. २००० चा अल्बम विस्कळीत. २००२ मध्ये इसोबेल गेली. २००३ मध्ये ट्रेव्हर हॉर्नसारख्या बड्या निर्मात्याबरोबर त्यांनी चकचकीत, उत्साही अल्बम केला, तो लोकांना आवडला, मलाही आवडतो, सणाच्या दिवशी ऐकायला. मर्डॉक बराच सावरला होता आणि ते आवाजात दिसत होतं. कुणाला बरं वाटलं म्हणून आपण तक्रार करत नाही. आजार पुरता सुटला मात्र नाही. २०१५ मध्ये त्यानं आपल्या त्या वर्षांबद्दल 'नोबडीज एम्पायर' हे गाणं केलं, आणि २०२४ मध्ये त्याच नावाची कादंबरी लिहिली.

ती कादंबरी मी आईच्या उशाशी बसून वाचली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, सोलापुरातलं तेच घर, तीच खोली. फिजिओथेरपिस्ट येऊन गेला की ती अर्धा तास डोळे मिटून पडून राहायची. एकदा तशीच पडलेली असताना तिनं विचारलं, काय वाचतेस. मी सांगितलं: तू मागे ऐकलं होतंस ना, त्या मुलानं लिहिलंय, आजारपणातल्या दिवसांवर.

"कोण, ते बरं नसलेलं पोर?"

"हो, तेच."

"मग अजून गातं का?"

"गातं की."

"लाव की मग," ती म्हणाली, आणि मी उठून पंखा बंद केला.